घणसोलीत रूमवर राहतो, गहू कायमचा बंद झालाय. साडेचार हजारांत महिन्याचं जेवण कसं बसवायचं?

बार्शीचा_पोरगा:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय २६, मूळचा बार्शीकडचा. गेली तीन वर्षं घणसोली गावठाणात एका रूमवर तिघं राहतो. काम महापे एमआयडीसीत, शिफ्ट ड्यूटी. दोन वर्षं पोटानं छळलं. जेवलं की पोटाचा ढोल, दिवसातून चारदा पळापळ, वजन ६१ वरून ५२ वर. एका दवाखान्यात पित्त म्हणाले, दुसऱ्यात टेन्शन घेऊ नका म्हणाले, तिसऱ्यात जंताचं औषध दिलं. शेवटी हिमोग्लोबिन ८.४ निघालं, तीन महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही काटा हलेना, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी टीटीजीची, म्हणजे आतड्याला गहू बाधतोय का ते दाखवणारी, रक्ततपासणी करायला लावली. ती भरमसाट वाढलेली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला. सिलिॲक. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) जन्मभर बंद. मी विचारलं, सणासुदीला एखादी पोळी? बाई म्हणाल्या, एक घाससुद्धा नाही, कारण ही न पचण्याची गोष्ट नाही, या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन दिसलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं.

गंमत बघा. आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी. चपाती फक्त पाहुणे आले की. मी नवी मुंबईला निघालो तेव्हा आजी म्हणाली होती, "आता काय बाबा, रोज चपाती खाशील." तिच्या लेखी सुख म्हणजे तेच. मीही मेसच्या पहिल्या महिन्यात घरी फोन करून सांगायचो, दोन्ही वेळेला चपाती असते म्हणून.

आता अडचण. मेसला दोन वेळचे ३,२०० देत होतो. मालकीणबाई म्हणाल्या, चपाती नको तर भात वाढवून देते. पण नुसता वरणभात खाऊन तीन तासांत पोटात कावळे. शिवाय रश्शात काय काय घालतात कळत नाही, पोटाचं दुखणं पूर्ण थांबलंच नाही. ग्लूटेन फ्री पीठ ऑनलाइन पाहिलं, किलोला २४० रुपये. ब्रेडही एकदा हौसेनं मागवला. थर्माकोल भाजून खाल्ल्यासारखा लागला, वर ३०० रुपये गेले.

मग अक्कल लढवली. पाच किलो ज्वारी आणली, कोपऱ्यावरच्या गिरणीत दळली, भाकऱ्या थापायला लागलो. (आईला व्हिडिओ कॉल लावून. पहिली भाकरी बघून ती इतकी हसली की फोन हातातून पडला तिच्या.) पाच-सहा दिवस खाल्लं आणि परत जैसे थे. तेव्हा कुठं जाऊन गिरणीत उभा राहिलो. माझ्या पुढच्या बाईंचे दहा किलो गहू उतरले, काकांनी चक्की थांबवलीसुद्धा नाही, वरून माझी ज्वारी ओतली. डब्यात आधी जे पीठ पडलं ते चक्क पिवळसर. ज्वारीचं पीठ असं नसतं, हे मला बार्शीच्या माणसाला कोणी सांगायला नको.

रूमवर सामान म्हणजे एक शेगडी, तीन लिटरचा कुकर, रूममेटचा मिक्सर. महिन्याला जेवणावर फार तर साडेचार हजार घालू शकतो. घरी पैसे पाठवायचे असतात. ठाणे-नवी मुंबईत कोणी यातून गेलंय का? नेमकं काय खाता, कुठून आणता, दळण कसं करता?

दोन_डब्यांची_आई:

मी ऐरोलीत राहते. माझी धाकटी तेरा वर्षांची आहे, सातव्या वर्षी निदान झालं. घरात रोज दोन वेगळे डबे होतात, म्हणून हे नाव. तुला अरे-तुरे करते, रागावू नकोस.

पहिली गोष्ट, तू पीठ आणूच नकोस. पीठ मग ते दुकानातलं सुटं असो, बचत गटाचं असो की मामाच्या गावचं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, पण ज्वारीच्या पिठात ते गिरणीतून येतं. धान्य अख्खं आण आणि पीठ जितकं टाळता येईल तितकं टाळ. मिक्सर आहे ना? मग निम्मं काम झालं.

तीन वाट्या ज्वारी, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी रात्री भिजत घाल. सकाळी अर्धी वाटी भिजवलेले पोहे घालून वाटायचं, दिवसभर आंबू द्यायचं. आंबोळ्या होतात. हे पीठ तीन दिवस फ्रीजमध्ये राहतं, तुझ्या शिफ्टला सोयीचं. गिरणीचा संबंधच नाही. तांदूळ आणि मूगडाळ भिजवून, मिरची-आलं घालून वाटलंस तर घावन. आणि कण्या! तुम्हा सोलापूरकडच्यांना मी काय सांगू? ज्वारी धुऊन कापडावर खडखडीत वाळव, मिक्सरला भरडून घे, चौपट पाणी घालून कुकरला लाव. ताक आणि लसणाची चटणी. माझी आजी म्हणायची दुष्काळात हेच खाल्लं, आणि तोंड वाकडं करायची. माझी लेक मागून घेते.

फक्त मिक्सरच्या भांड्याखालची रबरी रिंग काढून बघ. रूममेटनं कधी रवा काढला असेल तर तिथं साचलेला असतो. जमल्यास एक भांडं स्वतःचंच घे.

दुसरं, निवडणं. ज्वारी मी मोठ्या स्टीलच्या ताटात मूठ-मूठ पसरते, खिडकीशी बसून, चष्मा लावून. गेल्या खेपेला दोन किलोत अकरा गहू निघाले. दुकानदार काही मुद्दाम घालत नाही. तेच माप, तोच काटा, तीच गोणी. गव्हाचा दाणा लांबट, पोटाला चीर असलेला. एकदा डोळा बसला की पटकन दिसतो. निवडून झालं की दोनदा धुवायचं.

तिसरं हिंग. हे मला निदानानंतर सहा महिन्यांनी कळलं, तोवर रोज फोडणीत घालत होते आणि रिपोर्ट खाली का येत नाही म्हणून रडत होते. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात नाहीतर गव्हाच्या पिठात मळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरांत असतं. तांदळाच्या पिठातला मिळतो, नाहीतर खडा हिंग आण, किंवा सरळ सोडून दे. मेसच्या आमटीनं तुला त्रास होत होता त्यात हेही असू शकेल. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतात, आईनं प्रेमानं पाठवलं तर आधी विचार.

भाकरीशिवाय तुझं भागणार नाही हे मला कळतंय. आम्ही चार घरांनी मिळून १७ हजारांची एक घरघंटी घेतली. चारही घरांत एकेक सिलिॲक. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा गेलेला नाही, आणि जो घालेल त्याला मी घरात घेणार नाही. रविवारी सकाळी दळण असतं. घणसोलीहून ठाण्याच्या गाडीनं रबाळे सोडलं की ऐरोली. निवडलेली, धुऊन वाळवलेली ज्वारी घेऊन ये, लाइटबिलाचे म्हणून किलोमागे पाच रुपये टाक. पत्ता निरोपात कळवते. एका वेळी दोन किलोच दळ, पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी चिरते, हे तुझी आई सांगेलच.

नाचणी आठवड्यातून तीनदा तरी पोटात जाऊ दे. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि या आजारात हाडं मार खातात. तवा, चाळण, लाटणं वेगळं. चाळण तर वेगळीच, तिच्या जाळीतलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. आणि आई-वडील, भावंडांचीही टीटीजी करून घे. हे घराण्यात असतं. आमच्या घरी लेकीनंतर माझी नणंद सापडली, वीस वर्षं ॲनिमियाच्या गोळ्या खात होती.

मातीशी_नातं:

एवढं घाबरायचं कारण नाही. हल्लीच्या संकरित गव्हामुळे हे सगळे त्रास आहेत. आपला पारंपरिक खपली गहू खाऊन बघा. आमच्या ओळखीत अनेकांना फरक पडला. सकाळी सातूचं पीठ दुधातून घ्या, ताकद येईल.

दोन_डब्यांची_आई:

दादा, खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. सातू म्हणजे जव, आणि सातूच्या पिठात बऱ्याचदा गहूही भाजून घालतात. ज्याला नुसतं पोट जड होतं त्याला खपलीनं बरं वाटत असेल, माझं भांडण नाही. याच्या आतड्याचा तुकडा काढून निदान झालंय. कृपा करून असे सल्ले इथं नको.

आणि जे नुसतं वाचतायत त्यांच्यासाठी: शंका आली म्हणून आधीच गहू सोडू नका. गहू बंद असताना तपासणी केली तर रिपोर्ट खोटा चांगला येतो. आधी तपासणी, मग पथ्य.

कोपरखैरणे_खानावळ:

मी स्वतः मेस चालवते, बारा वर्षं झाली. त्या मेसवाल्या बाईंची बाजू सांगते.

माझ्याकडची बाई तासाला शंभर चपात्या लाटते. भाकरी चाळीसच्या वर जात नाही, तीही हात चांगला असेल तर. म्हणून मेसवाले भाकरीचे जास्त पैसे लावतात, लुटायला नव्हे. पण पैशाचं सोड. तू माझ्याकडे आलास आणि दुप्पट पैसे देतो म्हणालास तरी मी तुला जेवण देणार नाही. सकाळी साडेपाचला पंधरा किलो कणीक मळली जाते. पीठ हवेत असतं, ओट्यावर असतं, बाईच्या पदराला असतं. त्याच हातानं ती तुझ्या भाजीत मीठ टाकणार. मी किती लक्ष ठेवू? जी मेस "हो हो, देतो की" म्हणेल तिथं जास्त जपून राहा. रश्शाला दाटपणा यावा म्हणून आमच्या धंद्यात कणीक लावतात, तेही खरं आहे. मी बेसन लावते.

मिक्सर आणि कुकरवर जगता येतं. एका शेगडीवर मीच संसार सुरू केला होता.

धान्याचं सांगते. तुर्भ्याला एपीएमसीच्या धान्य बाजारात जा, घणसोलीहून दोन स्टेशनं. सुटी पाव-अर्धा किलो मागायला जाऊ नकोस, हुसकून लावतील. तीस किलोचा शिवलेला कट्टा घे. त्या ताई म्हणतायत ते अकरा गहू खुल्या गोणीतले. बंद कट्ट्यात मिसळ कमी असते, आणि किलोमागे आठ-दहा रुपये सुटतात. मालदांडी माग. दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरी गोड. एकट्याला तीस किलो जड जाईल, त्या चार घरांबरोबर वाटून घे. कडुलिंबाचा पाला घाल, पावसाळ्यात टोके पडतात.

नौपाड्याचे_काका:

आमच्या सौभाग्यवतींना हे साठीत निघालं. चाळीस वर्षं पोळ्या लाटलेली बाई. पहिले पंधरा दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण. मग एका एकादशीला तिच्याच लक्षात आलं की आज सकाळपासून काहीच चुकवावं लागलं नाही! साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळी, शेंगदाणे. उपवासाचा सगळा फराळ हा बिनगव्हाचा. "एकादशी दुप्पट खाशी" म्हणून जे चिडवायचे त्यांनाच आता तिचा हेवा वाटतो. फक्त तुम्ही तरुण माणसं साबुदाण्यावरच राहू नका, त्यात पिष्टाशिवाय काही नाही. वरईच्या भाताबरोबर दाण्याची आमटी, ते खरं जेवण.

बाहेर खायची वेळ आलीच तर आमचा अनुभव. इडली बरी, पण रवा इडली नको. उडप्याकडं साधा डोसा मागताना पिठात मैदा-रवा घालता का हे विचारतो, दोन ठिकाणी घालतात म्हणाले. चायनीजच्या गाडीकडे बघूसुद्धा नका, सोया सॉस गव्हाचा असतो. मासे तळलेले हवे असतील तर "रवा नको, तांदळाचं पीठ लावा" म्हणायचं, आणि कढई तीच असेल तर तेही नको, रस्सा घ्यायचा. मिसळ बिनपावाची चालेल असं वाटतं, पण फरसाणात मैद्याचे तुकडे असतात. तलावपाळीवर फिरायला गेलो की आम्ही खारे शेंगदाणे नाहीतर भाजलेलं कणीस खातो. ते निर्धोक.

पुडे वाचायची सवय लावा. ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन हवं असा आपल्याकडचा नियम आहे. नाचणी बिस्किटांच्या पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस आणि मागच्या बाजूला घटकांत पहिलाच मैदा, हे मी स्वतः पाहिलंय. २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून असे पुडे फार वाढलेत.

एक राहिलं. सत्यनारायणाचा शिरा. सौ. पहिल्या वर्षी हातात घ्यायच्या आणि गुपचूप माझ्या हातावर ठेवायच्या, त्यामुळे माझं वजन वाढलं. आता गुरुजीच केळं देतात.

बार्शीचा_पोरगा:

सगळ्यांना उत्तर द्यायला दोन महिने लावले, माफी असावी. म्हटलं काहीतरी करून दाखवू, मगच लिहू.

मेस सोडली. ताईंच्या घरघंटीवर सात रविवार झाले. खानावळवाल्या काकूंनी सांगितल्याप्रमाणे कट्टा आणला, चार घरांत वाटला, माझ्या वाट्याला आठ किलो. तरी निवडताना तीन गहू निघालेच. वजन ५४.५ आहे, हिमोग्लोबिन १०.१. टीटीजी सहा महिन्यांनी बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकट्या बहिणीचीही तपासणी झाली, तिची नॉर्मल आली.

गेल्या महिन्याचा हिशेब वहीतून उतरवतोय. ज्वारी ४८०, तांदूळ सहा किलो ३००, डाळी-कडधान्यं ४५०, अंडी साठ नग ४२०, भाजी ९००, तेल २३०, दूध-दही ६००, शेंगदाणे आणि गूळ २५०, सुकट-बोंबील ३००, गॅसचा माझा वाटा ३००. झाले ४,२३०. म्हणजे मेसपेक्षा हजारानं जास्त, पण मेसच्या वर मी वडापाव-चहा किती खायचो ते कधी मोजलंच नव्हतं.

रात्रपाळी असली की आंबोळी आणि दाण्याची चटणी डब्यात. दिवसपाळीला पहाटे पाचला दोन भाकऱ्या थापतो. आता फुगतात. पहिली टम्म फुगलेली भाकरी तव्यावरच फोटो काढून आईला पाठवली, तर तिचा मेसेज आला, "कडा जाड आहेत."

आणखी एक झालं. खाली आमच्या घरमालकीण मावशी राहतात, आगरी आहेत. मी दुपारी जिन्यात बसून ज्वारी निवडत होतो, तर त्या सूप घेऊन शेजारी येऊन बसल्या. काय शोधतोस विचारलं, सांगितलं. म्हणाल्या, आमच्यात पिढ्यान्पिढ्या तांदळाचीच भाकरी, मग तू इतके दिवस उपाशी का मेलास? आणि संध्याकाळी चार भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण वर पाठवलं. मऊ, पांढऱ्याशुभ्र, कागदासारख्या पातळ. मला परत पाठवाव्या लागल्या, कारण तांदूळ त्याच कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आलेला. मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत. कालवण मात्र मी ठेवून घेतलं होतं, हिंग नाही हे विचारून.

तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गिरणीत गेलो आणि नुसतं उभं केलं. पिवळं पीठ आधी कसं पडतं ते त्यांनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. त्या रविवारी ऐरोलीच्या गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर धुऊन वाळवलेल्या तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन. आता आठवड्यातून दोनदा भाकरी खालून येते. पैसे घेत नाहीत, म्हणून मी त्यांचं लाइटबिल, गॅसबुकिंग मोबाइलवर भरून देतो.

आता नवीन प्रश्न त्यांचा आहे. त्यांना माझ्यासाठी वडे करायचेत, कोंबडीबरोबर. पण त्यांच्या वड्याच्या पिठात तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, मेथी आणि दोन मुठी गहू पडतात. गहू काढला तर वडा तुटतो म्हणतात. काय घालू?

दोन_डब्यांची_आई:

दोन मुठी ज्वारी. आणि उडीद मूठभर वाढवायला सांग, तुटणार नाही. पीठ उकळत्या पाण्यात मळायचं आणि झाकून तासभर ठेवायचं. तेल नवीन हवं, पुऱ्या तळलेलं नको. मावशींना म्हणावं, दळायला मोकळा डबा नवा आणा, ती जुनी पिठाची पिशवी मी दारातूनच परत पाठवीन.